बऱ्या न होणाऱ्या आजारात बरे जगणे कसे मोजावे?

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालातील काही पाने ठरलेली असतात. वर्षभरात बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, डायलिसिसची किती सत्रे झाली, रक्तपेढीतून किती पिशव्या दिल्या गेल्या आणि निर्धन रुग्ण निधीतून किती रक्कम खर्ची पडली, याचे तक्ते विश्वस्त व देणगीदार प्रथम उघडून पाहतात. आणि ते योग्यच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. समाजाच्या पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे.

मात्र हे तक्ते मुळात ज्या आजारांसाठी घडले, ते आजार संपणारे आहेत. मोतीबिंदू काढला, दृष्टी आली. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्ण घरी गेला. तेथे शस्त्रक्रियांची संख्या आणि लोकांना झालेला लाभ यांत फारसे अंतर राहत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, थॅलेसेमिया, सिकलसेल, संधिवात, दमा, अपस्मार यांचे तसे नाही. या रुग्णांचे येणे कधी संपत नाही. प्रत्येक भेटीच्या अखेरीस पुढची तारीख दिलेली असते.

अशा रुग्णांच्या बाबतीत संख्या काही वेळा उलटेच सांगते. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झालेला रुग्ण डायलिसिसच्या नोंदवहीतून नाहीसा होतो. मृत्यू पावलेला रुग्णही त्याच नोंदवहीतून तसाच नाहीसा होतो. तक्त्यात दोघांची नोंद एकच : सत्रे घटली. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेऊ लागल्यामुळे सिकलसेलच्या एखाद्या मुलाला वेदनांच्या झटक्यासाठी वारंवार दाखल व्हावे लागले नाही, तर आंतररुग्णांची संख्या कमी होते आणि खाट रिकामी दिसते. आपण दिलेल्या पैशाने त्या माणसाचे काय झाले, असे एखाद्या देणगीदाराने विचारले, तर त्याला प्रामाणिक उत्तर देण्यासाठी सत्रे आणि पिशव्या यांच्या पलीकडचे काही मोजावे लागते. ते काय, कोणाला विचारून आणि कोणत्या वयात कसे मोजावे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

मोजमापाची वाटचाल

सुश्रुतसंहितेतील स्वस्थ माणसाच्या व्याख्येत दोष, अग्नी व धातू यांच्या समतोलाबरोबरच इंद्रिये आणि मन यांच्या प्रसन्नतेचाही समावेश आहे. ७ एप्रिल १९४८ रोजी अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनेही आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, असे म्हटले. व्याख्या उदात्त आहे, पण तिच्यातील ‘संपूर्ण’ हा शब्द जुनाट आजाराच्या रुग्णाला अडचणीचा ठरतो. तो निकष काटेकोरपणे लावला तर थॅलेसेमिया घेऊन जन्मलेले मूल आयुष्यभर अस्वस्थच गणले जाईल, मग ते शाळेत पहिले येवो की क्रिकेट खेळो.

प्रत्यक्ष मोजमापाला सुरुवात झाली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेत डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी शून्य ते शंभर अशी पट्टी तयार केली. शंभर म्हणजे सर्व व्यवहार नेहमीप्रमाणे, शून्य म्हणजे मृत्यू. डॉक्टरने रुग्णाकडे पाहायचे आणि गुण द्यायचे. १९६३ मध्ये डॉ. सिडनी कॅट्झ यांनी वृद्धांसाठी सहा साध्या गोष्टी निवडल्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. आजही वृद्ध रुग्णाला घरी पाठविण्यापूर्वी परिचारिका याच सहा गोष्टी पाहते. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्यात बाजारहाट, स्वयंपाक, औषधे वेळेवर घेणे, पैशाचे व्यवहार अशी आठ कामे जोडली; मात्र पुरुषांचे गुण देताना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे ही तीन कामे धरू नयेत, अशी त्या काळी रीत होती. मोजपट्टीतही तिच्या काळाचे समज कसे उतरतात, त्याचे हे बोलके उदाहरण होय.

या सर्व पट्ट्यांत एक समान उणीव होती. रुग्ण काय करू शकतो हे त्या सांगत, पण त्याला स्वतःला कसे वाटते हे विचारीत नसत. ती उणीव भरून काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये जीवनाच्या गुणवत्तेची प्रश्नावली तयार करण्याचे काम हाती घेतले. जगातील पंधरा केंद्रांत एकाच वेळी चाललेल्या या कामात भारतातील दिल्ली आणि मद्रास ही दोन केंद्रे होती, ही आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट आहे. माणूस ज्या संस्कृतीत राहतो तेथील मूल्ये, त्याची स्वतःची ध्येये, अपेक्षा आणि चिंता यांच्या संदर्भात त्याला आपले आयुष्य कसे दिसते, यालाच या प्रकल्पाने जीवनाची गुणवत्ता म्हटले. तिची संक्षिप्त आवृत्ती सव्वीस प्रश्नांची आहे. मागील दोन आठवड्यांविषयी विचारले जाते आणि उत्तरे शरीर, मन, नातेसंबंध व परिसर अशा चार भागांत स्वतंत्रपणे मांडली जातात. ‘परिसर’ या भागात घर, पैसा, प्रवासाची सोय, सुरक्षितता, दवाखाना गाठता येणे अशा आठ गोष्टी येतात. निर्धन रुग्णाच्या बाबतीत तपासण्यांचे अहवाल समाधानकारक असूनही गुण कमी पडतात, ते बहुधा येथे.

रुग्णालाच का विचारावे?

डॉक्टर आहेत, नातेवाईक आहेत, मग रुग्णालाच प्रश्नावली भरण्याचा त्रास का द्यावा, असे कोणालाही वाटेल. याचे उत्तर देणारा एक अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. डायलिसिसवर असलेले ४९ रुग्ण आणि त्यांच्याशी वय वगैरे बाबतीत मिळतेजुळते ४९ निरोगी लोक यांना एक आठवडाभर हातात मावणारे छोटे संगणक देण्यात आले. दिवसातून अनेकदा ते यंत्र वाजे आणि त्या क्षणी मनःस्थिती कशी आहे, ते नोंदवायचे असे. आठवड्याच्या नोंदी ताडून पाहता दोन्ही गटांच्या मनःस्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र निरोगी लोकांना डायलिसिसच्या रुग्णाची मनःस्थिती कशी असेल, असे विचारले असता त्यांनी ती प्रत्यक्षाहून फार वाईट असेल असा अंदाज दिला. त्यापूर्वी १९९९ मध्ये अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर या संशोधकांनी अपंगत्व असलेल्या १५३ व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतील गंभीर स्वरूपाचे अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपले जीवन चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला ते खरे वाटत नाही.

हा निष्कर्ष वाचून सुटकेचा निःश्वास टाकण्याचे कारण नाही. अमेरिकेतील त्या रुग्णांचे हाल आणि आपल्याकडे दोन एस.टी. बदलून येणाऱ्या रुग्णाचे हाल यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. ‘असे जगण्यात काय अर्थ’ हा विचार पुष्कळदा पाहणाऱ्याच्या मनातला असतो, सोसणाऱ्याच्या नव्हे. आणि त्याच विचारावर घरातील मोठे निर्णय होतात. मुलीला पुढे शिकवावे की नाही, सत्तरीच्या वडिलांचे डायलिसिस चालू ठेवावे की नाही, हे ठरविताना ज्याचे आयुष्य आहे त्याचे उत्तर कागदावर असलेले बरे.

मूल, आई आणि रविवार

मुलांना प्रौढांची प्रश्नावली चालत नाही. डॉ. जेम्स वार्नी यांनी मुलांसाठी तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात तेवीस प्रश्न असतात : शरीराविषयी आठ, आणि भावना, सवंगडी व शाळा यांविषयी प्रत्येकी पाच. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पालक उत्तर देतात. पाच वर्षांपासून मूल स्वतः उत्तर देते. पाच ते सात वर्षांच्या मुलासमोर हसरा, मधला आणि रडवेला असे चेहरे ठेवतात व त्यांवर बोट ठेवायला सांगतात. पाच वर्षांचे मूल काय सांगणार, ही शंका ज्यांनी हे एकदा पाहिले आहे त्यांच्या मनात राहत नाही. मूल विचार करून बोट ठेवते, काही वेळा उचलून दुसरीकडे ठेवते.

आईकडून तीच प्रश्नावली स्वतंत्रपणे भरून घेतात. धावणे, चालणे, खेळणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या बाबतीत आई आणि मूल यांची उत्तरे बरीचशी जुळतात. भीती, दुःख, मित्रांचे वागणे येथे ती दूर जातात, आणि आजारी मुलाच्या बाबतीत पालक बहुतेक वेळा मुलापेक्षा कमी गुण देतात. यात कोणी चुकत नाही. आईच्या उत्तरात तिने जागून काढलेल्या रात्री असतात, मुलाच्या उत्तरात कालचा खेळ असतो. दोन्ही कागद जपून ठेवावेत, त्यांची सरासरी काढू नये.

शाळेविषयीच्या पाच प्रश्नांपैकी दोन विशेष उपयोगाचे आहेत. बरे नसल्यामुळे शाळा बुडते का, हा पहिला. दवाखान्यात जावे लागल्यामुळे शाळा बुडते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आजार देतो, दुसऱ्याचे उत्तर रुग्णालय देते. थॅलेसेमियाच्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. म्हणजे वर्षाला तेरा ते सव्वीस दिवस गेले; आणि रक्तगट जुळविण्याचा नमुना आदल्या दिवशी द्यावा लागत असेल तर त्याच्या दुप्पट. हिमोग्लोबिनच्या तक्त्यात हे दिवस कोठेही दिसत नाहीत. रक्तसंक्रमणाची एक पाळी रविवारी ठेवली, तर औषधात कोणताही बदल न होता या मुलाचे शाळेच्या भागातील गुण वाढतात. त्यासाठी लागतो तो एका तंत्रज्ञाचा, एका परिचारिकेचा आणि एका निवासी डॉक्टरचा रविवारचा मेहनताना. देणगीदारांनी अशा खर्चाकडे पाहावे, असे आम्हांस आवर्जून वाटते. कारण त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही आणि म्हणून तो कोणी देत नाही.

याच मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचते आणि ते काढून टाकावे लागते. पूर्वी त्यासाठी एकच औषध होते. ते पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली सुई खुपसून, छोट्या पंपाने, आठवड्यातून पाच-सहा रात्री, दररोज आठ ते बारा तास द्यावे लागे. १९९०च्या दशकात तोंडावाटे घ्यावयाचे औषध भारतात मिळू लागले, पुढे आणखी एक आले. समजा, पंप लावणाऱ्या मुलाचे आणि गोळी घेणाऱ्या मुलाचे फेरिटिन सारखेच आले, तर प्रयोगशाळेच्या दृष्टीने दोघे समान. मावशीकडे राहायला जाता येते की नाही, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते.

पौगंडावस्था

बारा ते अठरा या वयात आजार तोच राहतो, पण त्याचा अर्थ बदलतो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलामुलींची तीन महिन्यांची सरासरी साखर या वयात वाढलेली आढळते, हे निरनिराळ्या देशांत दिसून आले आहे. शरीरातील बदल हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे असे की, डबा खाण्यापूर्वी मैत्रिणींसमोर इन्सुलिन टोचून घेण्यापेक्षा ते न घेणे सोपे वाटते. या वयात आईसमोर घेतलेली मुलाखत जवळजवळ निरुपयोगी असते. खोलीत मुलगा किंवा मुलगी आणि समाजसेविका एवढीच माणसे असावीत. पालकांना हे प्रथम आवडत नाही. त्यांना कारण नीट समजावून सांगितल्यास बहुतेक जण बाहेरच्या बाकावर बसतात.

आजार कोणापासून लपवावा लागतो का, हा प्रश्न परदेशी प्रश्नावल्यांत सहसा नसतो. आपल्याकडे तो असावा, असे आमचे मत आहे. मधुमेह असलेल्या मुलीच्या घरी स्थळ पाहण्याची वेळ येते तेव्हा इन्सुलिनची बाटली फ्रिजमधून हलविली जाते. विदर्भात व नंदुरबार भागात सिकलसेलची तपासणी गावोगाव होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. तपासणीनंतर मिळणारे कार्ड हे उपचाराचे साधन आहे. पण ते कपाटात लपवून ठेवावे लागत असेल तर त्या घराच्या स्वास्थ्याविषयी ते कार्डच बरेच सांगते. अठरावे वर्ष ओलांडताच हाच रुग्ण बालरुग्ण विभागातून प्रौढांच्या विभागात जातो. ओळखीच्या डॉक्टर सुटतात, ओळखीच्या ‘सिस्टर’ सुटतात, आणि नेमक्या त्याच काळात अनेक जण उपचारांतून गळतात. म्हणून सतराव्या वर्षीचे गुण आणि एकोणिसाव्या वर्षीचे गुण शेजारी ठेवून पाहावेत.

कमावत्या वयात

मध्यमवयीन रुग्णाविषयी थोडक्यात एवढेच. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तासांचे डायलिसिस म्हणजे बारा तास. पण येणेजाणे, प्रतीक्षा आणि नंतरचा थकवा धरला तर तीन दिवस जातात, आणि सोबत येणाऱ्याचेही तीन दिवस जातात. रोजंदारीवरील कुटुंबात याचा अर्थ दोन मजुऱ्या बुडाल्या. येथे वैद्यकीय समाजसेवकाचे काम औषधाइतकेच मोलाचे ठरते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश झालेला आहे. एस.टी. आणि रेल्वेच्या प्रवासात काही जुनाट आजारांच्या रुग्णांना सवलत आहे. ‘परिसर’ या भागातील गुण कमी आले की, प्रमाणपत्र काढले आहे का, सवलतीचा पास आहे का, हे प्रथम पाहावे.

संधिवाताने मात्र आपल्याकडील मोजपट्ट्यांना एक धडा दिला. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत साधारण दर साडेपाच माणसांमागे एकाला हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे आढळले. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत अशा रुग्णाला खुर्चीतून उठता येते का, टबात आंघोळ करता येते का, असे विचारतात. आपल्या खेड्यातील बाईला या प्रश्नांचा उपयोग काय? मांडी घालून बसता येते का, शौचाला उकिडवे बसता येते का, हे तिचे खरे प्रश्न. भारतीय रुग्णांसाठी तयार झालेल्या आवृत्तीत ते समाविष्ट करण्यात आले. पंगतीत जमिनीवर बसता न येणे, देवळाची पायरी चढता न येणे, हळदीकुंकवाला गेल्यावर एकटीलाच खुर्ची मागावी लागणे, याने माणूस हळूहळू घरात बसतो. सांध्याची सूज मोजून हे कळत नाही.

‘बरं चाललंय’

वृद्ध रुग्णाला ‘कसं काय, आजोबा?’ असे विचारले की ‘बरं चाललंय’ हे उत्तर ठरलेले. ते शिष्टाचाराचे उत्तर आहे. त्याच्या आधारे कोणतेही मोजमाप करता येत नाही. मागच्या आठवड्यात दुखण्याने किती रात्री जाग आली, घराबाहेर किती वेळा पडलात, शेवटचे कोणाशी निवांत बोललात, असे नेमके विचारले की चित्र बदलते. पाच पायऱ्यांची पट्टी ज्यांना उमगत नाही त्यांना ‘रुपयात किती आणे आराम?’ असे विचारण्याची आपल्याकडील डॉक्टरांची जुनी रीत आहे. ‘बारा आणे’ हे उत्तर ज्या खात्रीने येते, तितक्या खात्रीने पंच्याहत्तर टक्के असे उत्तर येत नाही. आण्यांच्या व्यवहारात वाढलेली पिढी आता थोडी उरली आहे, तोवर ही पट्टी अवश्य वापरावी.

वृद्धांतील उदासीनता ओळखण्यासाठी डॉ. जेरोम येसावेज यांच्या गटाने १९८०च्या दशकात होय-नाही अशा तीस प्रश्नांची पट्टी केली. पुढे तिची पंधरा प्रश्नांची आवृत्ती निघाली. झोप कमी होणे, भूक मंदावणे यांविषयी तिच्यात मुद्दामच विचारलेले नाही, कारण म्हातारपणी ही लक्षणे शरीराच्या आजारानेही असतात. आपल्या देशातील पाहणीनुसार साठीच्या पुढील सुमारे साडेसात कोटी लोकांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये सुमारे बहात्तर हजार लोकांची ही पाहणी केली. त्यात रक्तदाब, साखर यांबरोबरच आयुष्याविषयीचे समाधानही विचारले गेले.

समाधानाच्या उत्तराचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे लागते. स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, दीर्घ आजारात माणसाची मोजपट्टीच सरकते. पूर्वी ज्याला तो ‘बरे’ म्हणे त्याची पातळी बदलते, महत्त्वाच्या गोष्टींचा क्रम बदलतो, आणि काही वेळा चांगल्या आयुष्याचा अर्थच बदलतो. हे सरकणे दोन प्रकारचे असते. एखाद्या आजींना गुडघ्यांमुळे शेतावर जाता येत नाही, पण नातवंडांना गोष्टी सांगण्यात त्यांचा जीव रमला आहे. त्यांनी दिलेले चांगले गुण खरे आहेत. दुसऱ्या आजींना मागूनही चष्मा मिळाला नाही म्हणून त्यांनी पोथी वाचण्याची इच्छाच सोडून दिली. गुण त्यांनीही चांगलेच दिले. कागदावर दोघी सारख्या दिसतात. त्यांतील फरक शोधण्यासाठी एक जादा प्रश्न लागतो : जे करायला आवडत असे, पण आता सोडून दिले, असे काय आहे? उत्तरात चष्मा, काठी, कमोडची खुर्ची, कानाचे यंत्र अशी नावे आली, तर ‘समाधानी’ हा शेरा मारून कागद फाइलला लावणे हा अन्याय होईल. रुग्णाने अपेक्षा सोडली म्हणून रुग्णालयाची जबाबदारी सुटत नाही.

आकडा हाती आल्यावर

आकडा आला की त्याचा गैरवापरही सुरू होऊ शकतो. पहिला धोका सरासरीचा. शंभर रुग्णांची सरासरी दोन गुणांनी वाढली, असे अहवालात छापणे सोपे आहे. पण मुलांच्या वरील प्रश्नावलीत शंभरपैकी साधारण साडेचार गुणांहून कमी फरक मुलाला स्वतःला जाणवण्याजोगा मानीत नाहीत. शिवाय सरासरी स्थिर असताना काही जण सुधारत आणि काही जण खचत असू शकतात. विश्वस्तांनी सरासरीपेक्षा ‘कितींचे गुण घसरले आणि त्यांच्यासाठी काय केले’ हे विचारावे.

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. सवलतीवर अवलंबून असलेल्या रुग्णाला प्रश्नावली दिली की त्याच्या मनात शंका येते : बरे आहे म्हटले तर सवलत जाईल का, तक्रार केली तर डॉक्टर रागावतील का? काही जण देणगीदारांना बरे वाटावे म्हणून सर्वत्र ‘उत्तम’ लिहितात. म्हणून प्रश्नावलीचा कागद बिल विभाग आणि सवलत समिती यांच्यापर्यंत जाता कामा नये, आणि ही गोष्ट रुग्णाला भरण्यापूर्वी सांगितली पाहिजे.

तिसरे असे की, दुःखाविषयी विचारायचे आणि उत्तर ऐकून निघून जायचे, यापेक्षा न विचारलेले बरे. १९९८ पासून वापरात असलेली जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्यसूची अगदी सोपी आहे : मन प्रसन्न आहे का, शांत आहे का, उत्साह वाटतो का, झोपेतून ताजेतवाने उठता का, दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला असतो का. शंभरपैकी पन्नासच्या खाली गुण आल्यास पुढील चौकशी करावी, असा संकेत आहे. ती चौकशी करणारे माणूस त्याच दिवशी त्याच इमारतीत असले पाहिजे. रात्री-अपरात्री मन खचल्यास शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. कुटुंबीयांनी हा क्रमांक नोंदवून ठेवावा.

खाटेशेजारी बसलेल्या व्यक्तीचेही मोजमाप होऊ शकते. स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० मध्ये शुश्रूषा करणाऱ्यांवरील भाराची प्रश्नावली तयार केली. तिची बावीस प्रश्नांची आवृत्ती आज प्रचलित आहे. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, रुग्णाजवळ असताना राग येतो का, आपली प्रकृती ढासळते आहे असे वाटते का, असे तिच्यातील प्रश्न आहेत. राग येतो, हे उत्तर लिहिताना आपल्याकडील सुना आणि लेकी फार संकोचतात. या प्रश्नावलीचा कागद त्यांना रुग्णाच्या खोलीबाहेर, वेगळ्या वेळी द्यावा.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एवढीच विनंती आहे. समाजसेवा विभागाकडून प्रश्नावली मिळाली तर रुग्णाचे उत्तर रुग्णालाच देऊ द्यावे. त्याला वाचता येत नसेल तर समाजसेविका वाचून दाखवील. सव्वीस प्रश्नांना फार वेळ लागत नाही. एखादा प्रश्न खाजगी वाटला तर तो कोरा ठेवता येतो, आणि संपूर्ण कागद कोरा परत केला तरी उपचारांत काही फरक पडत नाही. भरलेला कागद पुढील तपासणीच्या दिवशी डॉक्टरांसमोर असावा, यासाठी केसपेपर क्रमांक लिहिण्यास मात्र विसरू नये.